आबा फुटले नव्हते

निमगाव केतकीच्या स्टँडवर आबा मला बारामतीच्या एसटीत बसवायला आले होते. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय पाटील, आता पोरगंबी तिकडंच धाडलं व्हय?" हशा झाला. आबांनी माझी वळकटी आत सरकवली आणि एवढंच म्हणाले, "नीट ऱ्हा. हितलं मी बघतो."

आमच्या वरकुटे गावच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, त्या हशाचा खुलासा करायला मला म्हातारं व्हावं लागलं.

साखर कारखान्याच्या निवडणुकीत आमच्या गटाचे पुढारी, म्हणजे आमचे मालक, हरले आणि पुण्याला राहायला गेले. बंगल्याला कुलूप लागलं, गट पांगला. तरी दर दिवाळीच्या पाडव्याला आबा आपल्या उसाची मोळी त्या बंद दारात ठेवून यायचे. आई चिडायची, "दाराला काय दात हायत, ऊस खायाला?" आबा म्हणायचे, "मालक येतील तवा उंबरा मोकळा दिसू नये."

हरलेल्या गटाचा ऊस सगळ्यात शेवटी तुटायचा, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या उसाला तुरे आले, वजन घटायला लागलं. आबा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते. मी नव्या चेअरमनच्या सभेत हार घेऊन उठलो आणि माइकवर म्हणालो, "आबांनीच पाठवलंय." लगेच तोडणीची टोळी फडात उतरली. पाठोपाठ चेअरमनच्या शब्दावर मला बारामतीत नोकरी लागली.

मला एसटीत बसवलं तेव्हा आबांना हे सगळं कळलेलं होतं.

त्या दिवाळीला मालक खरंच आले. आबा मोळी घेऊन गेले, तर मालकांच्या मुलानं पायरीवरूनच सांगितलं, "ती आता तिकडंच टाका, पाटील." आबांनी 'पोरानं केलं' एवढं म्हटलं असतं तर त्यांना आत घेतलं असतं. आबा मोळी खांद्यावर टाकून मागं फिरले. हे आईनं मला सांगितलं, आणि मी विषय बदलला.

पुढं गावानं त्यांना 'फुटका पाटील' म्हटलं. तेच नाव घेऊन ते गेले. मी इथं फ्लॅट घेतला, सोसायटीचा सेक्रेटरी झालो, निष्ठेवर भाषणंही केली. लोक अमेरिकेहून गावी येतात. मला तासाभराच्या बारामतीहून येता आलं नाही.

आता गाव म्हणजे माझ्यासाठी घर नाही, शेत नाही. आबांना त्या नावानं हाक मारणारी चार माणसं अजून तिथं पारावर बसतात, तेच माझं गाव. ती आहेत तोवर हे त्यांना वाचून दाखवा. आबा शेवटपर्यंत मालकांचेच होते. फुटलो मी.