अठरा नंबरची आजी कोणाकडे?

"मॅडम, अठरा नंबर आज हलला पाहिजे," डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले. त्यांचंही खरं होतं. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेली आजी आता बरी होती, आणि वॉर्डात पेशंट खाली गाद्या टाकून झोपले होते.

मी परळच्या एका महापालिका हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहे. औषधापलीकडचं सगळं माझ्याकडे: नातेवाईक, कागदपत्रं, डिस्चार्जनंतर पेशंट जाणार कुठे. या आजीला पोलिसांनी रस्त्यावरून उचलून आणलं होतं. तिला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. काहीही विचारलं की म्हणायची, "बेबीला विचार." केसपेपरवर लिहिलं होतं, अनोळखी महिला.

आधी पालिकेच्या बेघर निवाऱ्याला फोन केला. ते म्हणाले, स्वतःचं स्वतः करणारा माणूसच आम्ही घेतो. अशी वृद्ध बाई राज्याच्या समाजकल्याणकडे द्या. तिथले साहेब सभ्य होते. म्हणाले, वृद्धाश्रमात जागा आहे, पण आधार कार्ड लागेल. आधार हे केंद्र सरकारचं काम. त्याला पत्त्याचा पुरावा हवा. निवाऱ्याचं पत्र चाललं असतं, पण निवारा तर तिला घेतच नव्हता. मी कागदावर बाण काढत बसले. सगळे बाण फिरून माझ्याच टेबलावर येत होते. चुकतंय कोण, तेही कळेना. प्रत्येकाकडे नियम होता.

शेवटी हॉस्पिटलच्याच लेटरहेडवर पत्ता दिला. असं चालतं का, मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. व्हीलचेअरवरून आजीला आधार नोंदणीला नेलं, बोटांचे ठसे दिले. काही दिवसांनी अर्ज फेटाळला गेला. कारण: या व्यक्तीचं आधार आधीच आहे.

आधी वैतागले. मग लक्षात आलं, आधार आहे म्हणजे नाव आहे. पोलिसांचं पत्र घेऊन आधारच्या ऑफिसात गेले. नाव निघालं सुमती. पत्ता घोडपदेवचा, टॅक्सीने पंधरा मिनिटांवर.

त्या पत्त्यावर बेबी सापडली. बेबी म्हणजे आजीची धाकटी बहीण, तीही सत्तरीची. ती येऊन पलंगावर टेकली तशी आजी म्हणाली, "किती उशीर गो."

बेबीताई माझ्याकडे वळल्या. "मी दोनदा येऊन गेले इथे. चौकशीच्या खिडकीवर सुमतीचं नाव सांगितलं. नाही म्हणाले."

बरोबरच होतं. आमच्या नोंदीत सुमती नव्हतीच, अनोळखी महिला होती. सगळ्या सरकारांवर चिडून झालं होतं, आणि खिडकी आमची निघाली.

कोणाची जबाबदारी कुठे संपते, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. अनोळखी पेशंटची वर्णनं मात्र आता मी रोज सकाळी स्वतः खिडकीवर नेऊन देते.