आशिया पाहायला निघाले आणि शेंद्र्याला पोचले

तीस वर्षं मी नववीच्या वर्गाला आशियातले लोक आणि त्यांच्या संस्कृती शिकवल्या, आणि त्या तीस वर्षांत नागपूरच्या पलीकडे गेले नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही चौघी मैत्रिणींनी समरकंद-बुखाऱ्याची सहल ठरवली. मग एकीचे गुडघे, एकीची मुलीकडची बाळंतपणं, एकीचा रुसवा असं करत मी एकटीच उरले. मुलगा फोनवर म्हणाला, "एकटी? या वयात? आई, काहीतरीच."

आठ दिवस मी घरात धुसफुसत होते. गारखेड्यात तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, सलग दुसरा दुष्काळ होता, आणि पिंपं भरता भरता चिडायला भरपूर सवड मिळायची. नवव्या दिवशी जुना नकाशा काढला आणि मनात आलं, ज्यांना भेटायला मी एवढी लांब निघाले होते ते सगळे तर माझ्याच गावात येऊन गेलेत. बुखाऱ्याकडचे फकीर आले, इराणी आले, दिल्लीचं लष्कर आलं, समुद्रापलीकडून हबशी आले. त्यांच्याच खुणा तीन दिवस फिरून पाहायच्या. वाचकांपैकी कुणाला असं फिरायचं असेल तर सांगते, उन्हाळ्यात येऊ नका. मी गेले, कारण राग थंडीपर्यंत टिकला नसता.

गाडी भागवतची. भागवत माझा जुना विद्यार्थी, आता बेचाळीसचा. शहरात येण्याआधी मी शेंद्र्याकडच्या एका शाळेत होते, तिथला. धनगराच्या घरातला, पण मेंढरांमागे गेला नाही. ड्रायव्हिंग शिकला आणि गाडी घेतली. मला अजून "बाई"च म्हणतो.

पहिला दिवस शहराचा. सकाळी साडेआठला पाणचक्कीवर पोचलो. मध्य आशियातून आलेल्या एका फकिराच्या दर्ग्यापाशी कैक मैलांवरच्या डोंगरातून जमिनीखालून पाणी आणलं आणि त्या पाण्यावर जातं फिरवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला पीठ मिळावं म्हणून. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढायचा. त्या दिवशी जातं उभं होतं. हौदाच्या तळाशी हिरवट पाणी आणि त्यात चिप्सची पाकिटं. नाशिककडून आलेलं एक कुटुंब रखवालदाराला विचारत होतं, "पाणी पडतं ते कुठंय?"

"पडत होतं," तो म्हणाला. "आता फोटो काढा."

मीही काढला.

तिथून हिमरूचे माग पाहिले. दोनच चालू होते. विणकर म्हणाला, त्याच्या आजोबांच्या आजोबांना दिल्लीच्या सुलतानाबरोबर यावं लागलं होतं. खरं-खोटं मी तपासलं नाही. शाल घासाघीस न करता घेतली. तुम्हीही करू नका.

दुपारी छावणीच्या बाजारात जेवलो. इथे आलात तर नान-खलिया खाल्ल्याशिवाय जाऊ नका असं सगळे लिहितात. मी शाकाहारी, म्हणून नान दह्याबरोबर खाल्ला. भागवत मटणाचा खलिया चापत होता. मी त्याला सांगत होते की हा पदार्थ लष्कराच्या भटारखान्यातून आला, म्हणजे बघ, संस्कृती अशी ताटातून फिरते. त्यानं बोटं चाटली आणि वर्गात म्हणतात तशा सुरात म्हणाला, "भटक्या पशुपालक टोळ्यांना स्वतःची संस्कृती नव्हती. त्या केवळ कुरणांच्या शोधात हिंडत असत."

"हे काय?"

"तुमच्या नोट्स, बाई. तुम्ही लिहून दिलेलं. मला पाचपैकी पाच मिळाले होते."

तो हसत होता. मी हसले नाही. ते वाक्य पुस्तकातलं नव्हतं, माझं होतं. उत्तर सुटसुटीत व्हावं म्हणून मीच रचलं आणि वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत राहिले. आणि त्या जेवणाच्या टेबलावर मला एकदम भागवतची धाकटी बहीण आठवली. लक्ष्मी. भागवत एकदा नापास झाला म्हणून दोघं एकाच वर्गात होती. ते वाक्य उतरवून घेताना ती उभी राहिली होती. "बाई, मग आम्हालाबी नाय का?" वर्ग हसला होता. मी म्हटलं होतं, "विषयाला धरून विचार. बस खाली." पुढच्या काही आठवड्यांत ती शाळेत यायची थांबली.

दुसरा दिवस खुलताबाद आणि वेरूळ. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तो दिवस टाळा. दौलताबादच्या जुन्या दरवाज्यातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते, तेव्हा सातच्या आत शहर सोडा. खुलताबादेत डोंगरउतारावर थडगीच थडगी. कोण कुठला, कुठून चालत आला आणि इथल्या मातीत गेला. अंजीर घेतले. पाण्याअभावी ते सुपारीएवढेच होते. विकणारी बाई म्हणाली, "गोड हैं, अम्मा. छोटे हैं तो क्या हुआ." गोड होते.

वेरूळला आधी कैलास पाहिला. मग दहाव्या लेण्यात गेले. तिथे परदेशी भिक्षुणींचा एक गट बसून काही म्हणत होता. बहुधा कोरियाच्या असाव्यात. लाकडी घरासारखं कोरलेलं ते उंच छत त्यांचा आवाज धरून ठेवत होतं. त्यातली एक म्हातारी उठताना अडखळली, मी हात दिला. तिनं माझा हात कपाळाला लावला. मला लाज वाटली. तिला वाटलं असेल की मी या दगडांची कुणीतरी आहे, सांभाळणारी.

बाहेर झाडाखाली उसाचा रस पिताना भागवतला विचारलं, "लक्ष्मी कुठे असते?"

"मेंढरांमागं. नवरा गेला, आता तीच बघती. कुठं आसल ते रोजचं रोज बदलतंय, फोन लावावा लागल." मग ग्लास खाली ठेवून, "का हो, बाई?"

"तिची माफी मागायची आहे."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि खिशातून फोन काढला.

तिसऱ्या दिवशी अजिंठा होता. पहिल्या लेण्याच्या छतावर इराणी वेषातले पुरुष रंगवलेत, ते मला डोळ्यांनी पाहायचे होते. ते रद्द केलं आणि जालना रोडला लागलो. रस्ता झकास आहे, अर्ध्या-पाऊण तासात शेंद्रा. मी शिकवत होते तेव्हा तिथे पिवळं माळरान होतं आणि खिडकीतून मेंढरांच्या घंटा ऐकू यायच्या. आता चार गाड्या शेजारी जातील एवढे रुंद रस्ते, निळ्या पत्र्यांच्या शेड, आणि पुढे जिथे काहीच नाही तिथेही दिव्यांचे खांब. भागवत गाडी हाकता हाकता दाखवत होता. "इथं आमचा मेंढरांचा वाडा बसायचा. इथं पाझर तलाव होता. इथं बा वारला." तिन्ही ठिकाणी तारेचं कुंपण होतं. जमिनीचे पैसे ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मिळाले. चरायला येणाऱ्यांच्या नावावर काही नव्हतंच.

लक्ष्मी पुढच्या गावाच्या शिवेवर बाभळीखाली सापडली. शे-सव्वाशे मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. ती चाळिशीची, पण माझ्यापेक्षा थकलेली दिसली. मी उतरले, तिचा हात धरला आणि रात्री जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. ते वाक्य माझं होतं, ते खोटं होतं, मी तुला खाली बसवलं, तुझी शाळा माझ्यामुळे सुटली, मला माफ कर.

तिनं भावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाई, शाळा तुमच्यापायी नाय सुटली. त्या वर्षी पाणी नव्हतं, मेंढरं गोदाकाठाला न्यायची होती. आईच्यानं एकटीनं व्हईना, म्हणून गेले." जरा आठवून म्हणाली, "तुमचं ते वाक्य मला आठवतबी नाय. तुम्ही नकाशा लई छान काढायच्या, तेवढं आठवतंय."

मी एवढं ओझं घेऊन आले होते आणि तिच्या लेखी ते नव्हतंच. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं नाही. अपमान झाल्यासारखं वाटलं.

तिला वेगळंच काम होतं. समोर नव्यानं पाडलेल्या प्लॉटांची वसाहत होती. फाटकाशी हिरवळ, तिच्यावर पाण्याचे फवारे, मागे सिमेंटचा भरलेला हौद. "काल सकाळपासून पाणी नाय मेंढरांना," ती म्हणाली. "मला तो रखवालदार फाटकाजवळ उभं करीना. तुम्ही बोला, बाई. तुमचं ऐकल."

मी गेले. इस्त्रीची साडी, चष्मा, पर्स. रखवालदार उठून उभा राहिला, त्यानं स्वतःची खुर्ची पुसून दिली आणि फ्रिजमधली बाटली आणली. मेंढरांचं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. "म्याडम, माझी नोकरी जाईल हो." तरी त्यानं साहेबांना फोन लावून दिला. साहेब अत्यंत नम्र होते. म्हणाले, "मॅडम, आज एक कळप सोडला की उद्या दहा येतात. प्लॉट बघायला लोक येतात, घाण होते. तुम्ही स्वतः प्लॉट बघायला कधीही या." मी वाद घातला. जगातल्या पहिल्या पाणपोया, वाटसरूचा हक्क, पाणचक्कीचा फकीर, सगळं ऐकवलं. ते "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोलता बोलता मी ती बाटली अर्धी प्याले होते.

परत आले तेव्हा ती हातातच होती. लक्ष्मीनं बाटली पाहिली. मी पुढे केली तेव्हा तिनं ती घेतली, ओंजळीत थोडं थोडं ओतून एका कोकराला पाजली आणि रिकामी बाटली मला परत दिली.

मग आम्ही कोस-दीड कोसावरच्या एका विहिरीकडे निघालो. चालू न शकणारी चार कोकरं भागवतनं मागच्या सीटवर माझ्याजवळ ठेवली. सगळ्यात धाकटं माझ्या मांडीवर होतं. विहिरीपाशी पोचेपर्यंत त्याचा श्वास थांबला होता, आणि मला ते कळलंही नव्हतं. मी त्याला थोपटतच होते.

विहिरीवर टँकर भरत होते. मालक म्हणाला, "इकत देतो मी पाणी, फुकट कसं देऊ? पण गळतंय ते पिऊ द्या." पाइपाच्या जोडातून धार गळत होती. तिच्याखालच्या चिखलात मेंढरं तोंडं खुपसून पीत होती, एकमेकांवर चढत होती. टँकर भरला आणि शहराकडे निघाला. गारखेड्याला का, ते मी विचारलं नाही.

निघताना मी पर्स उघडली. लक्ष्मी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. गाडी आणली, लई झालं."

घरी येऊन आता दोन महिने झाले. फोटो दोनशेच्या वर आहेत. पाणचक्की, माग, कैलास, भिक्षुणींचे पाठमोरे झगे. काहींनी विचारलं आहे की हा तीन दिवसांचा फेरा करावा का. करा. दगडात आणि ताटात आशिया अजून दिसतो, माझ्यासारख्या बाईला वाटतं त्याहून जास्त. फक्त कुणाची माफी मागायला जाणार असाल, तर आधी त्याला काय हवंय ते विचारा. मी विचारलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात भागवतनं कळवलं, लक्ष्मीनं मेंढरं बाजारात काढली, सगळी. आता ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासते. मी तिला फोन केला. म्हटलं, "मी आपल्या भेटीबद्दल लिहितेय. तुमचे लोक कुठून आले, कुठल्या वाटांनी आले, तेही लिहीन. तुझं नाव बदलीन. चालेल ना?"

पलीकडे भांड्यांचा आवाज होता. ती म्हणाली, "कुठनं आलो ते समदेच लिवत्यात, बाई. आता कुठं जायाचं, ते लिवता आलं तर बघा."

मी दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. मला ते लिहिता आलेलं नाही.