मलिद्याच्या दिवशी वाचलेली बातमी

इस्रायलमधल्या किर्यात मलाखी गावातल्या एका कापड गिरणीत बाबा रंगखात्यात होते. आम्ही मराठी ज्यू, ठाण्याहून आलो तेव्हापासून. घरी आले की आधी बाल्कनीत उभं राहून खोकायचे, मग बूट काढायचे. आई लोकांच्या फरश्या पुसायची. त्या घरातून मी युनिव्हर्सिटीत गेले आणि डिग्री घेऊन बाहेर पडले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी आजही ताठ मानेने सांगते. पुढचं सांगताना मान खाली जाते.

नोकरी लागली ती एका न्यूज वेबसाइटवर. हवामान, बसचे टाइम, नगरपालिका, सगळं साधं. पैसा मात्र एका संस्थेचा होता, आणि युनियन मोडल्या पाहिजेत असं त्या संस्थेचं मत होतं. मत असायला हरकत नाही. पण साइटवर संस्थेचं नाव कुठेच नव्हतं. वाचणाऱ्याला वाटायचं, ही नुसती बातमी आहे. मला हे पहिल्या महिन्यात कळलं. मी गप्प बसले.

मग बाबांच्याच गिरणीत काम बंद पडलं. रंगखात्यात वाफ कोंडते, ती ओढून बाहेर टाकणारे पंखे बसवा, एवढीच मागणी. कामगार गेटवर बसले. बाबांनी मला मराठीत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पोरी, नीट लिव हां. आमचं कोण लिवतंय?"

मी नीट लिहिलं, वाफेने खोकला जडलेल्या चार कामगारांचं म्हणणंही घातलं. एडिटर गिलादने वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"खोकला काढ."

"का? चौघांनी सांगितलंय."

"डॉक्टरचा कागद आहे? नाही ना? मॅनेजरचं म्हणणं वर घे. ऑर्डर अडकल्या, गावाचं नुकसान. पंखे शेवटच्या ओळीत."

"मॅनेजरकडे तरी कुठला कागद आहे?"

तो हसला. "बायलाइन देतो तुला. पहिली."

बायलाइन म्हणजे बातमीवर लिहिणाऱ्याचं नाव. मी खोकला काढला. माझ्या हाताने. पंखे शेवटच्या ओळीत गेले आणि माझं नाव वर आलं.

बाबांना हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक घडाघडा वाचता यायचं, पण हिब्रू बातमी समजायची नाही. माझं नाव तेवढं त्यांनी ओळखलं. प्रिंट काढून आणली. पोरीचं नाव छापून आलं की एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे आम्ही नवस बोलतो त्या प्रेषिताचा, मलिदा करीन, असा त्यांचा नवस होता. सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, हॉलमध्ये ताट मांडलं. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, फळं. गेटवर बसणारे सगळे आले. प्रार्थना झाली, मलिदा वाटला, आणि बाबांनी प्रिंट सॅमसनकाकांच्या हातात दिली. काका त्यांच्याच खात्यातले, पण त्यांना हिब्रू पक्कं यायचं.

"वाच रे मोठ्याने. मराठीत सांग सगळ्यांना."

काका वाचत गेले तसे सावकाश होत गेले. मग थांबले. चष्मा काढला.

"डॅनियल," ते बाबांना म्हणाले, "यात आपण गावाचं नुकसान करणारे आहोत."

"बरोबर वाच."

"बरोबरच वाचतोय. खोकल्याचं काय पण नाय."

एकाने हातातला मलिदा परत ताटात ठेवला. बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

"ऑफिसात बदललं असंल," ते म्हणाले.

"नाही बाबा. मीच बदललं."

दुसऱ्या दिवशी गिलादकडे दुरुस्ती मागितली. "संस्था आपल्याला पोसते, विसरलीस?" म्हणाला. तो जेवायला गेल्यावर मी माझ्याच पासवर्डने दुरुस्ती चढवली. चार कामगारांचं म्हणणं मी कापलं, ते हे आहे. ही साइट अमुक संस्थेच्या पैशावर चालते. खाली माझं नाव. तो परत येईपर्यंत ती साइटवर होती. मग ती गेली आणि मीही गेले.

तेवढ्यात काकांनी दुरुस्तीची प्रिंट काढली होती. गिरणीच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने माझी पहिली बातमी टेबलावर टाकली, तेव्हा त्यांनी ती दुरुस्ती टाकली. मी तिथे नव्हते. काकांनीच सांगितलं, आणि शाबासकी दिली नाही.

तेव्हापासून एक नियम पाळते. जी बातमी ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचता येणार नाही, तिच्यावर नाव घालत नाही. डिग्रीत हे शिकवलं नव्हतं.

रंगखात्यात चार पंखे बसले. बाबा त्याआधीच रिटायर झाले होते.