निवासी म्हणजे कोण

डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणात सरकारी नोकरीतल्यांसाठी काही जागा राखलेल्या असतात. त्या मिळवायच्या तर आधी प्रवेशपरीक्षा पास व्हायचं आणि मग आपण खरोखरच सरकारी नोकरीत आहोत हे सरकारला पटवून द्यायचं. पहिलं जमलं. दुसऱ्यानं माझा घाम काढला.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आंबागडच्या बाजूच्या एका गावात, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. केंद्राच्या मागेच माझं क्वार्टर होतं. दोन खोल्या आणि गळकं छत. माझ्या आधीचे डॉक्टर नागपूरहून अपडाऊन करायचे, दुपारच्या बसनं परत. मी राहायचे. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. मला गाडी चालवता येत नाही आणि रोजच्या बसचे धक्के सोसवत नाहीत. पण रात्री दार वाजवलं तर उघडणारा डॉक्टर गावानं पहिल्यांदाच पाहिला होता, त्यामुळे माझा भाव आपोआप वधारला. सकाळी दारात कधी वांगी असत, कधी सिंघाडे.

कोणती शाखा घ्यायची यावर घरी बोलणं झालं. माझे वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर शिफ्ट केलेल्या माणसाला एकच गोष्ट मोलाची वाटते, ती म्हणजे झोप.

"रेडिओलॉजी भर बेटा," ते म्हणाले. "फोटो पाहाचा, सही कराची, घरी याचं. रात्री झोपाले भेटते."

सल्ला वाईट नव्हता. माझ्या मार्कांत राखीव जागांमधून रेडिओलॉजी मिळण्यासारखी होती. पण मी भूल घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे बधिरीकरणशास्त्र, पण आमच्याकडे सगळे भूलच म्हणतात. कारण सांगायचं तर आमच्या केंद्रातल्या आशाताईंबद्दल सांगावं लागेल. गावातल्या गरोदर बायांची नोंद ठेवणं, त्यांना तपासणीला आणणं हे त्यांचं काम. आदल्या वर्षी त्यांची स्वतःची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ आडवं होतं. मी गाडीत घालून पाठवलं. जवळच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करणारे डॉक्टर होते, टेबल होतं, दिवे होते, फक्त भूल देणारा नव्हता. तिथून पुढे पाठवलं. बाळ रस्त्यातच गेलं. तिसऱ्या दिवशी आशाताई कामावर हजर झाल्या आणि लसीकरणाच्या बायांना आवाज देऊ लागल्या. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

वडिलांना मी एवढंच सांगितलं, की मला फोटो बघायचा कंटाळा आहे.

कागदपत्रं घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. टेबलावरच्या बाबूंनी सेवा प्रमाणपत्र पाहिलं, ना हरकत पाहिली आणि हात पुढेच ठेवला.

"ठराव?"

"कसला?"

"मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच राहता याचा. ग्रामसभेचा. घरभाडेभत्त्यासाठी बाकीचे देतात तसाच, तुमच्या नावाचा. त्यात कारण टाका, निवासी डॉक्टर म्हणून निवड होण्याकरिता."

प्रवेशाच्या नियमांत असा ठराव कुठेच नव्हता. मी तसं म्हटलंही. बाबू शांतपणे म्हणाले, "नियमात नाही, फायलीत आहे." शेवटची तारीख डोक्यावर होती. हा एक कागद अडला तर माझी जागा गेली, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

ग्रामसभा ऑक्टोबरात भरली. धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, शेतातल्या बांध्यांमध्ये काम कमी, त्यामुळे माणसं बऱ्यापैकी आली. सरपंचांनी बाकीचे विषय उरकले आणि माझा अर्ज मोठ्यानं वाचला. "डॉक्टरबाई मुख्यालयी राहतात, सबब त्यांची निवासी डॉक्टर म्हणून निवड होण्याकरिता..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. टाळ्या पडल्या.

"म्हंजे सरकारनं पक्कं केलं!" पुढे बसलेले एक म्हातारे म्हणाले. "आता बाई अठीच. निवासी."

"बदली नाई होत मंग?"

"निवासी म्हटल्यावर बदली कशी होईन?"

सरपंचांच्या उत्साहाला तर भरतंच आलं. निवासी डॉक्टरच्या क्वार्टरचं छत गळतं हे गावाला शोभत नाही, पुढच्या निधीतून पहिलं तेच काम, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. दीड वर्ष मी त्या छतासाठी अर्ज देत होते.

मला चुकीच्या टाळ्या घ्यायला आवडत नाही. एरवीही माझा स्वभाव तुसडाच. मी उभी राहिले आणि सांगितलं, की निवासी डॉक्टर म्हणजे शिकाऊ डॉक्टर. मोठ्या दवाखान्यात राहून तीन वर्षं शिकायचं, म्हणून निवासी. निवड झाली तर मी नागपूरला जाईन.

मग मागून एकानं विचारलं, "मंग ठराव आमी कायले कराचा? आपल्याच हातानं बाईले धाडाचं?"

"लिवूच नका," दुसरा म्हणाला. "ठराव नाई त जागा नाई. जागा नाई त बाई अठीच."

या हिशेबात मला चूक सापडेना. मला राग आला. तुमच्यासाठीच भूल शिकायला चाललेय, असं ओरडावंसं वाटलं, पण ते पूर्ण खरं नव्हतं. मला गळक्या छतातून सुटायचंही होतं. आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. या लोकांच्या दोन ओळींवर माझी जागा टांगलेली होती, आणि त्या ओळी न लिहिण्यासाठी त्यांच्याकडे अगदी योग्य कारण होतं.

तेव्हा बायांच्या रांगेतून आशाताई उठल्या. त्यांची मुलगी परत माहेरी आली होती, सातवा महिना लागला होता, आणि हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मागच्या वेळेस भुलीचा डॉक्टर नोहोता म्हणून माह्या पोरीले पुढं धाडलं," त्या म्हणाल्या. "तुमी सारे होते गाडीजवळ. म्याडम तेच शिकाले चालल्या. अन् ठरावात काय लिवाचं हाय? ह्या अठी रायल्या का नाई? रायल्या. मंग जे खरं हाय ते लिवा."

"अन् तुह्या पोरीचं काय?" कुणीतरी विचारलं.

"माह्या पोरीचं मी पाहीन."

त्या खाली बसल्या. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. फक्त सरपंचांनी शेवटी आपल्या मनानं एक ओळ वाढवली, की शिक्षण पूर्ण झाल्यावर डॉक्टरबाई परत याच गावी निवासी राहतील. त्यावर पुन्हा टाळ्या पडल्या, पण पहिल्याइतक्या नाहीत.

बाबूंनी ती ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "असं बंधन ग्रामसभेला घालता येत नाही. या ओळीला काही अर्थ नाही." तरीही ठराव त्यांनी फायलीला लावला. मी बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

भूल मिळाली. नागपूरलाच. मला कार्यमुक्त केलं त्या दिवशी माझ्या जागी कुणी आलेलं नव्हतं. आशाताईंना मी बजावलं, की केंद्रावर थांबू नका, नववा लागला की मुलीला भंडाऱ्याला नेऊन ठेवा. त्यांनी मान हलवली. बसथांब्यावर त्या मुलीला घेऊन आल्या होत्या. तिचं पोट बघून मला फार वाईट वाटलं. मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

नागपुरात कळलं की निवासी डॉक्टरला निवास सोडून सगळं असतं. वसतिगृहातल्या माझ्या पलंगावर पुस्तकंच जास्त झोपत. पहिल्याच हिवाळ्यात आशाताईंचा फोन आला. भंडाऱ्याला पुतणीकडे मुक्काम ठोकून होत्या. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी बऱ्या. "भूल देणारी बाई होती म्याडम, तुमच्यासारखीच बारीक." मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या जिन्यावर बसून रडले. मग आत बोलावलं म्हणून तोंड धुतलं.

आता तिसरं वर्ष संपत आलंय. परवा नेमणुकीसाठी पसंती विचारायला आरोग्य खात्यातून फोन आला. मी आमच्या केंद्राचं नाव सांगितलं. पलीकडचा माणूस चांगला होता, हसला नाही. प्राथमिक केंद्रात ऑपरेशनचं टेबल नसतं, त्यामुळे भूलतज्ज्ञाची जागाच नसते. मला मोठा दवाखाना मिळेल, जिल्ह्यातलाच कदाचित. जे शिकायला गावानं मला सोडलं, ते शिकल्यामुळेच मी गावासाठी अपात्र ठरले होते. हे मला आधी कसं सुचलं नाही? सुचलं असतं तरी भूलच घेतली असती, हेही खरं.

आशाताईंना फोन करून सांगितलं. मागे नात कशासाठी तरी भोकाड पसरून बसली होती.

"म्हंजे म्याडम, जो रायत नाई, त्याले निवासी म्हणतेत," आशाताई म्हणाल्या.

मी छताचं विचारलं.

"टाकलं ना. मागच्याच वर्षी. आता एक थेंब नाई गळत," त्या म्हणाल्या. "बंदच हाय क्वार्टर. चावी माह्यापाशी हाय."