व्यंकूच्या बाकावरचे मामा

शाळेची इतकी भक्ती आणि इतकी धास्ती एकाच माणसाच्या पोटात मावलेली मी अख्ख्या म्हैसुरात पाहिली नाही. आमच्या शेजारचे हे मामा महाराजांच्या रिसाल्यात स्वार होते. आजोबांची जागा वडिलांना, वडिलांची मामांना, अशा पिढ्या घोड्यावर गेलेल्या; अक्षराशी घरात कुणाची ओळख नव्हती. त्यामुळे त्यांचा मुलगा व्यंकू माझ्या वर्गात बसू लागला, तसं मामांचं वागणंच बदललं. शाळेवरून जाताना ते घोड्यावरून उतरून, लगाम धरून पायी चालत. खंडेनवमीला तलवारीशेजारी व्यंकूचं भूगोलाचं पुस्तक मांडून त्यावर इतकं हळदकुंकू वाहत, की पुढे वर्षभर आम्ही दोघं पिवळाच हिंदुस्थान शिकत असू. व्यंकू इंग्रजी धडा मोठ्याने वाचू लागला, की मामा ताडकन उभे! "सरकारची भाषा आहे नोडी," ते म्हणत, "बसून कशी ऐकायची?" हे कन्नड 'नोडी', म्हणजे 'बघा', त्यांच्या मराठीत वाक्यागणिक यायचं.

वार्षिक परीक्षेच्या सकाळी व्यंकू तापाने फणफणला. रिसाल्यात स्वार आजारी पडला की हजेरीला घरचा माणूस बदली उभा राही. मामांना तेवढाच कायदा ठाऊक. दसऱ्याचा पोशाख चढवून, मिशा पिळून ते वर्गात आले आणि व्यंकूच्या बाकावर कसेबसे गुडघे दुमडून बसले. आम्ही पोरं खो खो हसत सुटलो.

"हे काय, स्वामी?" मास्तर चक्रावले.

"पोरगं आजारी आहे नोडी. बदली मी आलोय."

"परीक्षा ज्याची त्यानंच द्यायची असते."

मामांचा चेहरा उतरला. "मग लिहीत नाही, नुसता बसतो. जागा रिकामी दिसली तर नाव कापाल तुम्ही. आमच्यातला पहिलाच शिकतोय, स्वामी. पुन्हा कोण आत घेईल त्याला?"

मास्तर कागद वाटू लागले. शेवटची घंटा होईपर्यंत मामा ताठ बसून होते. व्यंकूचं वर्ष गेलं, पण नाव पटावर राहिलं.

माझे वडील नजरबादच्या कचेरीत शिरस्तेदार होते. शाळा त्यांच्या वाटेवरच, पण ते कधी आत आले नाहीत. शिरस्तेदाराचा मुलगा शिकणार, त्यात पाहायचं काय? मी पहिला आल्याचं सांगितलं तेव्हा "बरं" म्हणाले आणि जेवायला बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांना माझी काळजीच वाटत नव्हती.

मामांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. अजूनही वाटतं, त्या सकाळी ताप मला यायला हवा होता. पण माझा बाक रिकामाच राहिला असता.