टीव्हीमामांची बोटं

टीव्हीमामांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीला चिकटणारे पातळ टीव्ही आले आणि मामांना कुणी विचारेना. मग ते आमच्या काँक्रीटच्या कारखान्यात आले, जुन्या टीव्हीच्या काचा निवडायला. "जन्मभर ज्यांना वाचवलं, त्यांनाच फोडतोय," असं सांगून स्वतःच हसायचे.

टीव्हीची पुढची काच साधी. भरडून खडीच्या जागी कुठेही चालते. मागच्या, नरसाळ्यासारख्या काचेत शिसं असतं, अंगात भिनणारं विष. ती धुऊन फक्त रस्त्याकडेच्या दगडांत घालायची. फुटल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. मामा तुकडा बोटांवर तोलायचे नि नेमक्या ढिगावर टाकायचे, तेही हातमोजे न घालता. मोज्यात कळत नाही म्हणे. सहा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. साहेब निवडीचं यंत्र आणणार होते, म्हणजे मामा घरी. तेव्हा मीच म्हटलं, "मामा असताना यंत्र कशाला?" मोठी शहाणी ना मी.

मी तिथल्या प्रयोगशाळेत. काँक्रीटचे ठोकळे पाण्यात बुडवून ठेवायचे आणि त्या पाण्यात काय उतरलं ते तपासायचं, हे माझं काम. सोमवारी साध्या काचेच्या ठोकळ्यांच्या पाण्यात शिसं निघालं. पुन्हा तपासलं, पुन्हा निघालं. त्याच काचेच्या फरशा गुरुवारी एका शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी जाणार होत्या.

मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. चहा संपवला, कप विसळला आणि खाली मामांकडे गेले.

"मामा, काचा मिसळल्यात."

"तुझं पाणी तपास आधी. माझा हात चुकत नाही."

"मग डोळे मिटा आणि हात पुढे करा."

"बक्षीस देतेस की छडी?" म्हणत त्यांनी डोळे मिटले.

एका हाताच्या बोटांवर मी पुढच्या काचेचा नखाएवढा तुकडा ठेवला, दुसऱ्यावर मागच्या काचेचा. थांबले. मामांनी हात तसेच पुढे धरलेले.

"अगं, ठेव की लवकर!"

"राहू दे, मामा," मी म्हटलं आणि दोन्ही तुकडे उचलून घेतले. तेही त्यांना कळलं नाही.

वर येऊन फरशा थांबवायचा कागद भरला. कारणाच्या रकान्यात मामांचं नाव लिहिलं, अगदी सुवाच्य अक्षरात. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही.