कानबाईची गाणी आणि भिकनकाका

भिकन देवरे आमच्याकडे चौतीस वर्षं प्रुफं वाचत होते. रविवार कारंजाजवळच्या बोळात, पहिल्या मजल्यावर आमचं छोटं प्रकाशन आहे. व्रतवैकल्यं, संतसाहित्य, देवळांचे इतिहास, लोकांच्या चालीरीती अशी पुस्तकं निघतात. मी तिथे डीटीपी करते. मी लागले तेव्हा मालक म्हणाले होते, "हर्षाली, अडलं की भिकनकाकांना विचारायचं. मलाही नाही विचारायचं."

काका कळवणजवळच्या एका खेड्यातले. बारावी झाल्यावर नाशिकला आले, आधी छापखान्यात खिळे जुळवायला लागले, मग प्रुफांवर बसले. लेखकांची चूक ते कधी मोठ्याने सांगत नसत. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे, 'ही तिथी त्या वर्षी क्षयाची आहे, कृपया पाहावे.' लेखक पाहायचे आणि निमूट दुरुस्त करायचे. प्रस्तावनेतल्या आभारात काकांचं नाव फारसं कधी आलं नाही. त्यांना त्याचं काही वाटत असेलसं मला तरी दिसलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात एका निवृत्त प्राध्यापिकेचं पुस्तक आलं, आपल्या राज्याच्या उत्तरेकडच्या लोकदेवतांवरचं. त्यात कानबाईवर एक प्रकरण होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी नारळाच्या रूपात घरी बसवतात, रोटांचा नैवेद्य करतात, गाणी म्हणतात आणि सोमवारी तिला नदीवर पोचवतात. बाईंनी लिहिलं होतं की तिची जुनी, लांब गाणी आता कोणाला येत नाहीत.

काका त्या ओळीवर बराच वेळ थांबले. मग समासात लिहिलं, 'माझ्या आईला येतात.'

प्रुफं बाईंकडे गेली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "भिकनराव, मग आणा ना! पुस्तक दिवाळीपर्यंत थांबवते मी. तुमच्या आईच्या नावाने छापू."

फोन ठेवला तेव्हा काकांचे कान लाल झाले होते. चार वेळा त्यांनी चष्मा पुसला.

रविवारी ते सीबीएस स्टँडवरून कळवणची एसटी धरून गावी गेले. आई, सगुणाबाई, शहाऐंशी वर्षांच्या. धाकट्या भावाच्या घरी राहायच्या. काकांनी मोबाइल समोर ठेवला आणि म्हणाले, "आई, कानबाईचं गाणं म्हण."

त्या हसल्या आणि हात झटकला. "कानबाई घरमा नही शे. आते कशी म्हनू? ती उनी की म्हनसू."

देवी घरात नसताना तिची गाणी म्हणायची नाहीत, हा त्यांचा नेम. काकांनी आग्रह केला नाही. सोमवारी ऑफिसात आल्यावर मला म्हणाले, "बरोबरच आहे तिचं. अडीच-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे." थोड्या वेळाने कागदावरून मान वर न करता म्हणाले, "इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा काही विचारलं गं."

मी म्हटलं, "लहानपणी ऐकली असतील ना तुम्ही?"

"ऐकली. लक्ष नाही दिलं. आणि इकडे आल्यावर श्रावणात जाणं जमलंच नाही."

ते खरंच होतं. गणपतीची आणि दिवाळीची पुस्तकं श्रावणात तयार व्हायची. सगळ्या सणांची प्रुफं काकांच्या टेबलावर असायची आणि ते सुट्टी मागत नसत.

आषाढात सगुणाबाईंना लकवा झाला. नाशिकला आणलं, बारा दिवस दवाखान्यात होत्या. जीव वाचला, पण उजवी बाजू आणि वाचा गेली.

त्या श्रावणात काकांनी चौतीस वर्षांत पहिल्यांदा कानबाईसाठी रजा घेतली. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. देवी बसली. आईला खुर्चीत समोर बसवलं होतं. शेजारच्या वत्सलाबाई सगुणाबाईंबरोबर जन्मभर गायलेल्या. काका मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून, वही घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्या म्हणाल्या, "गानं तुनी माय म्हने. आम्ही फक्त झील धरूत."

झील म्हणजे मागून धरायची ओळ. तीही त्यांनी म्हणून दाखवली, 'उनी वं माय, उनी', म्हणजे आली गं माय, आली. मग त्या थांबल्या, पुढे सगुणाबाईंची ओळ यायची तेवढा वेळ. आणि खुर्चीतून आवाज आला. शब्द नव्हते, नुसता 'आ'कार होता. पण चाल पक्की होती, चढ कुठे आणि उतार कुठे ते सगळं जागच्या जागी. वत्सलाबाईंनी पुन्हा झील धरली. असं पाऊण तास चाललं. मधेच काकांनी वही पुढे केली, "आई, हा शब्द काय गं?" तेव्हा त्यांनी डाव्या हाताने वही बाजूला सारली आणि मुलाच्या तोंडाकडे बघत गात राहिल्या.

परत आल्यावर महिनाभर काका कानाला मोबाइल लावून ते ऐकत होते. मला कागद दिला, तो मी टाइप केला. झिलीच्या ओळी, आणि मधे सगळीकडे टिंबं.

बाई स्वतः ऑफिसात आल्या. कागद दोनदा वाचून हळूच म्हणाल्या, "भिकनराव, हे छापू आपण. जसं आहे तसं. टीप देऊ."

"नको," काका म्हणाले. "वाचणाऱ्याला यातून काय कळणार? तुमचं वाक्य बरोबर आहे." त्यांनी खोडरबर घेतलं आणि समासातली आपली ओळ पुसून टाकली. बाईंचे डोळे भरून आले होते.

मार्गशीर्षात सगुणाबाई गेल्या. पुस्तक माघात निघालं. आभारात बाईंनी मायलेकांची दोन्ही नावं घातली होती. काकांनी ते पान उघडलं, नावांवर शुद्धलेखनाची नजर फिरवली आणि प्रत बाकीच्या प्रतींमध्ये ठेवून दिली. चैत्रात त्यांनी काम सोडलं आणि कळवणला राहायला गेले. मालकांनी खूप थांबवून पाहिलं.

आता प्रुफं मीच वाचते. अडलं की काकांना फोन करते. ते तिथी सांगतात, शब्दाचा अर्थ सांगतात, सगळं अजून अचूक. पलीकडून भांड्यांचा, कोंबड्यांचा आवाज येत असतो. माझं काम झालेलं असतं, पण मी फोन लगेच ठेवत नाही.